दवाखान्याच्या कपाटात निघालेला पारा आणि दातांच्या रोजच्या कचऱ्याची व्यवस्था

अनेरकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. चार महिन्यांपूर्वी मी चोपडा तालुक्यात एका निवृत्त होणाऱ्या ज्येष्ठ दंतवैद्यांचा दवाखाना खुर्चीसकट विकत घेतला. खुर्ची, कॉम्प्रेसर, वाफेने निर्जंतुक करणारे ऑटोक्लेव्ह, भिंतीवरचे एक्स-रे यंत्र हे सारे यादीत होते. मागच्या खोलीतील लोखंडी कपाटाचा खालचा खण मात्र यादीत नव्हता. गेल्या रविवारी तो उघडला, तेव्हा आत रबरी बुचाची एक काचेची बाटली दिसली. बाटली हाताच्या मुठीत मावेल एवढीच, पण उचलताच मनगट खाली गेले, कारण तिच्यात पारा होता. तिच्याशेजारी लोणच्याच्या बरणीत दातांत चांदी भरण्याच्या, म्हणजे पारा मिसळलेल्या, मसाल्याचे राखाडी तुकडे, तळाशी काळपट गाळ बसलेला वापरलेल्या फिक्सरचा, म्हणजे एक्स-रे फिल्म धुण्याच्या रसायनाचा, पाच लिटरचा कॅन, आणि मिठाईच्या खोक्यात एक्स-रे फिल्मच्या पाकिटांतून काढलेल्या शिशाच्या पातळ पत्र्यांची चळत होती. मी स्वतः आरव्हीजी वापरते, म्हणजे प्रतिमा थेट संगणकावर येते, त्यामुळे फिल्म, डेव्हलपर आणि फिक्सर यांच्याशी माझा संबंध महाविद्यालयातच संपला होता. चांदी तर मी एकदाही भरलेली नाही.

दुसरा प्रश्न रोजचा आहे. जैव-वैद्यकीय कचरा नेणारी गाडी कागदोपत्री मंगळवारी आणि शुक्रवारी येते, प्रत्यक्षात कधी आठवड्यातून एकदाच येते. रक्ताने भिजलेला कापूस आणि काढलेले दात असलेली पिवळी पिशवी मे महिन्याच्या उन्हात चार दिवस ठेवावी लागली, तर मागच्या गल्लीतील शेजारी दारात येऊन उभे राहतात आणि त्यांची तक्रार मला चुकीची वाटत नाही. ही दोन्ही प्रकरणे आपण कशी हाताळता, हे अनुभवी सभासदांनी सांगावे, अशी विनंती आहे.

केळीबाग_रावेर

मी डॉक्टर नाही, रुग्ण म्हणून आणि शेतकरी म्हणून लिहितो. आमच्या गावातील एक दवाखाना सगळा कचरा मळ्यात नेऊन खड्ड्यात जाळत असे आणि त्यावर माती लोटत असे. दातांचा कचरा तो असून असून किती असणार? महिन्याला एक पोतेसुद्धा भरणार नाही. गाडीची वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग सोपा वाटतो.

जुना_दंतवैद्य

भाऊ, आपला हेतू चांगला आहे, पण हा मार्ग कायद्यानेही बंद आहे आणि शास्त्रानेही. जैव-वैद्यकीय कचरा जाळण्याच्या भट्टीत पहिल्या कक्षाचे तापमान 800 अंश आणि दुसऱ्या कक्षाचे 1050 अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते, आणि धूर त्या दुसऱ्या कक्षात किमान दोन सेकंद राहावा लागतो. मळ्यातील खड्ड्यात ओला कापूस नुसता धुमसतो, हातमोजे वितळतात, प्लास्टिकमध्ये क्लोरीन असेल तर डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होते, आणि सुया जशाच्या तशा मातीत राहतात. पुढच्या नांगरटीला त्या कोणाच्या पायात जातील, हे आपणच सांगा.

आता धागाकर्तींसाठी. जळगावात मी तीस वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करतो आहे. 1998 चे नियम आले तेव्हा कचऱ्याचे दहा वर्ग होते आणि ते आमच्यापैकी कोणालाच पाठ झाले नाहीत. 28 मार्च 2016 च्या नियमांनी ते चार रंगांवर आणले आणि मग मदतनीस मुलींनाही ते जमू लागले. दंतवैद्यकाच्या भाषेत सांगायचे, तर काढलेला दात, हिरडीचा तुकडा, रक्ताचा कापूस, गॉज, वापरलेला मास्क आणि मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत जातात. हातमोजे, लाळ ओढणाऱ्या सक्शनच्या नळ्या आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत जाते. सुई, शस्त्रक्रियेचे पाते, दात कोरण्याचे झिजलेले बर, रूट कॅनालच्या तुटलेल्या फाइल आणि वेड्यावाकड्या दातांच्या तारांचे तुकडे पांढऱ्या, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात जातात. भुलीच्या औषधाची काचेची कुपी किंवा कार्ट्रिज आणि काढावे लागलेले इम्प्लांट निळ्या खुणेच्या खोक्यात जाते. कागदी वेष्टने आणि चहाचे कप घंटागाडीचे. ते पिवळ्या पिशवीत कोंबून वजन वाढवण्याची हौस काही दवाखान्यांना का असते, हे मला कळलेले नाही.

वर्गीकरण खुर्चीजवळच व्हायला हवे. रुग्ण उठल्यानंतर सगळा ट्रे एका बादलीत उलटा करून संध्याकाळी सवडीने निवडण्याची जी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, तिच्यातच सुई बोचते. माझ्याकडे ज्याने सुई वापरली त्यानेच ती डब्यात टाकायची, असा नियम आहे, आणि तो मलाही लागू आहे.

पिवळी पिशवी चार दिवस ठेवण्याबद्दल: मानवी अवयवांचा आणि रक्ताने माखलेला कचरा प्रक्रियेविना 48 तासांहून जास्त ठेवता येत नाही. काही कारणाने ठेवावाच लागला, तर त्याचा उपद्रव होणार नाही अशी तजवीज करून प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासह कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. गाडी आली नाही त्या प्रत्येक दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवा आणि नोंदवहीत लिहा. नोंदी पाच वर्षे जपायच्या असतातच.

पाऱ्याबद्दल मला थोडे कबूल करायचे आहे. आम्ही शिकलो तेव्हा मिश्रधातूची पूड आणि पारा खलात घोटत असू, मग तो गोळा तळहातावर मळून कापडात धरून पिळत असू, आणि जास्तीचा पारा थेंबाथेंबाने फरशीवर उड्या मारत जाई. मुले म्हणून त्याची मजा वाटे. त्या भरणात वजनाने निम्म्याच्या आसपास पारा असतो, हे परीक्षेत लिहून आम्ही पुन्हा तोच हात धुऊन डबा खायला बसत असू. आपल्या कपाटातील बाटली त्या काळातील आहे. ती कोणत्याही रंगाच्या पिशवीत टाकू नका. रसायनाचे जाणकार सभासद अधिक सांगतील.

रसायन_अमळनेर

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून वरील शेवटचे वाक्य आधी उचलतो. पारा 357 अंश सेल्सिअसला उकळतो. तो, किंवा त्याचे भरण असलेला दात, पिवळ्या पिशवीतून भट्टीत गेला, तर 800 अंशांवर सगळा पारा वाफ होऊन धुराड्यातून बाहेर पडेल आणि पावसाबरोबर तापीत उतरेल. पाण्यातील जिवाणू त्याचे मिथाइल पारा या संयुगात रूपांतर करतात आणि ते माशांत साठत जाते. त्यामुळे चांदी भरलेला दात काढल्यास तो इतर दातांपासून वेगळा, हवाबंद बरणीत ठेवावा.

बाटलीचे वजन जास्त वाटले याचे कारण म्हणजे पाऱ्याची घनता पाण्याच्या 13.6 पट असते. तीस मिलिलिटर पारा चारशे ग्रॅमच्या पुढे जातो. बाटली सरळ उभी ठेवा, जाड प्लास्टिकच्या झाकणबंद बरणीत ती बसवा, भोवती कापूस नको, वाळू किंवा थर्माकोल भरा, आणि हे सारे ट्रेमध्ये ठेवून काम करा. खोली तापलेली असताना बूच उघडू नका, कारण तापमानाबरोबर बाष्पीभवन वाढते आणि आपल्याकडच्या मे महिन्याबद्दल वेगळे सांगायला नको. सांडलाच तर झाडूने लोटू नये, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच वापरू नये. खिडक्या उघडाव्यात, सोने आणि चांदीचे दागिने काढून ठेवावेत, थेंब जाड कागदाने एकत्र करून ड्रॉपरने उचलावेत आणि फटींत गंधकाची पूड टाकावी.

फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते, शिवाय तो आम्लधर्मी असतो. जळगावच्या सराफ्यात ही चांदी काढून घेणारा कोणीतरी भेटेल, असा मोह अनेकांना होतो. घरगुती भट्टीवर ती काढणाऱ्याच्या फुप्फुसात काय जाते, ते आपल्याला दिसत नाही, म्हणून हा मोह आवरावा. अधिकृत परवाना असलेल्या संस्थेलाच तो द्यावा. मोरीत ओतणे तर नकोच, आणि त्यात हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनयुक्त जंतुनाशक, मिसळण्याची चूक कधीही करू नये, कारण त्यातून क्लोरीनसारखे विषारी वायू सुटू शकतात.

भुसावळ_दंत

वरील प्रतिसादात हायपोक्लोराइटचा उल्लेख आला म्हणून विचारतो. मी पिवळ्या आणि लाल दोन्ही पिशव्यांत गाडी येईपर्यंत रोज संध्याकाळी सोडियम हायपोक्लोराइट ओततो. वास जातो आणि जंतूही मरतात. यात गैर काय?

जुना_दंतवैद्य

पिवळ्या पिशवीत गैर आहे. भट्टीत जाणाऱ्या कचऱ्यावर आधी रासायनिक प्रक्रिया करू नये, असे नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. प्रयोगशाळेतील आणि अतिसंसर्गजन्य कचऱ्याचा अपवाद वेगळा. क्लोरीन ओतून तोच कचरा जाळायला पाठवणे म्हणजे डायॉक्सिनला आमंत्रण देणे. क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे बंद करण्यामागेही हेच कारण आहे. द्रवासाठी मात्र हायपोक्लोराइट हवे: थुंकीपात्रातील आणि सक्शनच्या बाटलीतील रक्तमिश्रित पाणी गटारात सोडण्यापूर्वी एक ते दोन टक्क्यांच्या द्रावणात वीस मिनिटे ठेवावे. 2016 च्या मूळ नियमांत तिथे दहा टक्के छापले होते, ते 2018 च्या दुरुस्तीत बदलले. जुन्या तक्त्याची छायाप्रत भिंतीवर असेल तर काढून टाका. द्रावण रोज ताजे करावे, कारण आपल्याकडच्या उन्हात बाटलीतील क्लोरीन लवकर उडतो आणि उरते ते नुसते खारट पाणी.

रसायन_अमळनेर

एक पुरवणी. ज्या सक्शनमधून जुनी चांदी खोदताना निघालेला भुगा जातो, त्या नळ्या क्लोरीनयुक्त द्रावणाने धुऊ नयेत. क्लोरीन त्या भुग्यातील पारा विरघळवून पाण्याबरोबर पुढे नेतो. युरोपात आणि अमेरिकेत अशा खुर्च्यांना पारा अडवणारे विभाजक यंत्र बसवणे बंधनकारक आहे, आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ते किमान 95 टक्के भुगा पकडते. आपल्याकडे निदान खुर्चीखालची जाळी दर आठवड्याला काढून तिच्यातील कण त्याच हवाबंद बरणीत टाकता येतील. जाळी बेसिनमध्ये नळाखाली झटकली, की सगळे मुसळ केरात.

पांझरा_मुकादम

मी धुळ्यात स्वच्छता विभागात मुकादम होतो, आता निवृत्त आहे. येथे सर्व डॉक्टर मंडळी पिशवी बांधण्यापर्यंतचे बोलत आहेत, मी पिशवी सुटल्यानंतरचे लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमच्या घंटागाडीवर एक बाई होती, तिला आम्ही मावशी म्हणत असू. एका सकाळी काळ्या पिशवीची गाठ धरून तिने ती वर फेकली आणि हात मागे घेतला. हातमोजा होता, पण बागकामाचा, कापडी. तळहातावर रक्ताचा एक ठिपका होता. ती शांतपणे म्हणाली, “भाऊ, पिशवीमा सुई व्हती.” आम्ही पिशवी कचरापेटीच्या झाकणावर उघडली. बटाट्याच्या साली, वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या चार लहान सिरिंज, सुयांसकट. एका सिरिंजला निळी टोपी परत लावलेली होती, पण तिरकी, आणि सुई टोपीच्या कुशीतून बाहेर आली होती. शेजारी कापसाच्या बोळ्यात एक दाढ होती. त्यामुळे पिशवी कोणत्या प्रकारच्या दवाखान्यातील आहे, ते समजले. कोणाची आहे, ते मी येथे लिहिणार नाही.

मला तेव्हा फक्त हात धुवायला सांगणे सुचले. सिव्हिलला नेण्यात अर्धा दिवस गेला. एचआयव्हीवरील प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त 72 तासांत सुरू करायच्या असतात, हे तेथील समुपदेशक ताईंनी सांगितले तेव्हा कळले. मावशीने ते औषध अठ्ठावीस दिवस घेतले, त्यात मळमळीने तिचे जेवण सुटले आणि बिनपगारी रजा पडली. पुढच्या सर्व तपासण्या निगेटिव्ह आल्या. त्या सहा महिन्यांत ती नातवाला मांडीवर घेत नव्हती. असे करण्याची गरज नाही, हे तिला चार वेळा समजावूनही तिने ऐकले नाही.

डॉक्टरांना माझे सांगणे इतकेच, की सुई घंटागाडीत देऊ नका.

अनेरकाठ

मुकादमकाका, आपला प्रतिसाद मी आज दवाखान्यात मोठ्याने वाचून दाखवला. माझी मदतनीस सुईला दोन्ही हातांनी टोपी लावत असे. तिला तसे करताना मी पाहिले होते आणि गप्प राहिले होते. आता टोपी ट्रेवर आडवी ठेवून एका हाताने सुईने उचलायची, किंवा टोपी न लावता सुई थेट सुई तोडणाऱ्या कटरमध्ये घालायची, असे ठरले आहे. चौकशी केल्यावर समजले, की तिला हिपॅटायटिस बीची लस कधीच दिलेली नव्हती. रक्त लागलेल्या सुईने बोचल्यास लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याचा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, तो तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हे मी परीक्षेत दोनदा लिहिलेले आहे. कर्मचाऱ्यांना ही लस आणि धनुर्वाताची लस देणे नियमांनीही बंधनकारक केलेले आहे. काल पहिला डोस दिला.

सातपुडा_धडगाव

आम्ही नंदुरबार जिल्ह्यात पाड्यांवर दंत तपासणी शिबिरे घेतो. एका शिबिरात चाळीस-पन्नास दात निघतात आणि दोन अडचणी येतात. पहिली अशी, की लोक दात परत मागतात. मुलांचे दुधाचे दात शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकण्याची पद्धत आपल्या सगळ्यांच्याच घरी होती, त्यामुळे मला त्यांना नाही म्हणवत नाही. दुसरी अशी, की दंत महाविद्यालयाचे विद्यार्थी सरावासाठी दात मागायला येतात. शिबिराचा कचरा कोणाच्या नावावर जातो, हाही प्रश्न आहे.

जुना_दंतवैद्य

शिबिराचा कचरा शिबिर घेणाऱ्याच्या जबाबदारीवर असतो. शाळेच्या आवारात तो सोडून येणे हा गुन्हा समजावा. डबे आणि पिशव्या सोबत न्याव्यात आणि परत आणाव्यात. रुग्णाला त्याचा दात हवा असेल, तर मी तो स्वच्छ करून, जंतुनाशकात ठेवून, बंद पुडीत देतो आणि नोंदवहीत तसे लिहितो. दुधाच्या दाताबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्यांना देण्यापूर्वी दात ऑटोक्लेव्ह करावेत. चांदी भरलेले दात मात्र ऑटोक्लेव्हमध्ये घालू नयेत, पाऱ्याची वाफ होते. ते दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये दोन आठवडे ठेवतात.

धागाकर्तींना आणखी एक आठवण. खाटा नसलेल्या दवाखान्याला या कचऱ्यासाठी मंडळाची अधिकृती (परवानगी) एकदाच घ्यावी लागते, पण ती जुन्या डॉक्टरांच्या नावावर असेल, तर दवाखान्याबरोबर ती आपोआप तुमची झाली असे समजू नका. वार्षिक अहवाल 30 जूनपूर्वी द्यायचा असतो, आणि सुई बोचण्यासारखा अपघात झाला तर त्याचाही नमुना वेगळा आहे.

केळीबाग_रावेर

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. त्या मळ्यात आता केळीची लागण आहे आणि मजूर अनवाणी खोड कापतात. मालकाशी बोलून तो कोपरा तारेने बंद करायला सांगितला आहे.

अनेरकाठ

तीन आठवड्यांनंतर लिहिते आहे. गाडीचा प्रश्न एकटीने सुटला नसता. गावातील सहा दवाखान्यांनी मिळून, त्यात दोन प्रसूतिगृहे आहेत, न आलेल्या गाडीच्या तारखांचा तक्ता जोडून कंत्राटदाराला आणि मंडळाच्या जळगाव येथील कार्यालयाला पत्र दिले. गेल्या पंधरा दिवसांत गाडी चार वेळा आली. पुढे काय होईल ते पाहू. तोपर्यंत पिवळ्या पिशवीसाठी जुना लहान फ्रिज वेगळा काढून, त्याला कुलूप आणि जैविक धोक्याची खूण लावून ठेवला आहे. शेजारच्या काकूंनी फ्रिज पाहिला आणि आत काय आहे ते विचारले नाही.

पाऱ्याची बाटली वाळूच्या बरणीत बसवून, बरणीसह ट्रेमध्ये, कपाटातच आहे. जैव-वैद्यकीय कचरा केंद्राने ती घेण्यास नकार दिला, आणि तो योग्यच होता, कारण पारा हा धोकादायक कचऱ्याच्या 2016 च्या वेगळ्या नियमांत येतो. राज्यात त्याची सामायिक केंद्रे तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आहेत, पण अर्धा किलोच्या बाटलीसाठी एवढ्या लांबून वाहन मागवण्याचा खर्च बाटलीच्या शंभर पट होईल. म्हणून पारा, चांदीचे तुकडे, फिक्सर आणि शिशाचे पत्रे यांची वजनासह यादी मंडळाला दिली असून, जिल्ह्यातील इतर जुन्या दंत दवाखान्यांतील असा माल एकत्र नेता यावा, अशी विनंती केली आहे. पोच मिळाली आहे. ज्यांच्या कपाटात अशी बाटली असेल, त्यांनी मला निरोप पाठवावा, म्हणजे यादीत भर घालता येईल. शिशाचे पत्रे वितळवायला मागणारा भंगारवाला दोनदा येऊन गेला, त्याला परत पाठवले.

ज्यांच्याकडून दवाखाना घेतला, त्या सरांना मी फोन केला होता. त्यांनी आधी बुचाला तडा गेला आहे का, ते विचारले. मग म्हणाले, की चांदी भरणे सोडले तेव्हा बाटली कुठे द्यायची, ते त्यांनी दोन-तीन ठिकाणी विचारले होते, कोणाला सांगता आले नाही, आणि मोरीत ओतण्याचे मन झाले नाही.

मदतनीसाचा दुसरा डोस पुढच्या सोमवारी आहे आणि तिसरा सहाव्या महिन्यात. मुकादमकाका, मावशींना आमचा नमस्कार सांगा.